अठ्ठावीस कोनांचे गाव



मताची चोरी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे पळवलेली पेटी, वाटलेल्या नोटा आणि दारूच्या बाटल्या येतात. पण आम्ही कारकुनी करणारी माणसे. आयुष्य फायलीत गेले, म्हणून एक गोष्ट अनुभवाने सांगतो. माणसाचा हक्क काठीने जितका हिरावला जातो, त्याहून अधिक तो कागदाने हिरावला जातो. काठीचा वळ दिसतो, कागदाचा वळ दिसत नाही. यादीतून एक ओळ गाळली, नकाशावरची एक रेघ सरकवली, अर्जावर 'अपूर्ण' असा शेरा मारला, की काम झाले. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला ते मतदानाच्या दिवशी कळते, आणि तोवर वेळ गेलेली असते.

या कागदी अन्यायाशी सबंध आयुष्य कागदानेच लढलेल्या एका वकिलाची ओळख या आठवड्यात आमच्या वाचकांना करून द्यायची आहे. त्यांचे नाव फ्रेड ग्रे. देश अमेरिका, राज्य अलाबामा. आपल्याकडे मार्टिन ल्यूथर किंग यांचे नाव सर्वांना माहीत आहे, रोझा पार्क्स यांचेही पुष्कळांना माहीत आहे. परंतु या दोघांचे वकीलपत्र ज्यांनी घेतले ते ग्रे आपल्या वाचनात फारसे येत नाहीत. सभेतला वक्ता लक्षात राहतो, कोर्टात तारखांना हजर राहणारा राहत नाही. ही रीत सगळीकडचीच आहे.

घरकाम करणाऱ्या आईचा मुलगा

फ्रेड ग्रे यांचा जन्म १४ डिसेंबर १९३० रोजी अलाबामाची राजधानी माँटगोमेरी येथे झाला. पाच भावंडांत ते धाकटे. ते दोन वर्षांचे असताना वडील वारले. आईने लोकांच्या घरी कामे करून पाचही मुले वाढवली. मुलाने धर्मोपदेशक व्हावे असे तिच्या मनात होते. त्यासाठी तिने त्यांना नॅशव्हिल येथील वसतिगृहाच्या शाळेत पाठवले. पुढे ते खरोखरच उपदेशकही झाले, पण नाव काढले ते वकिलीत.

माँटगोमेरीत कॉलेजात जाताना ते बसने फिरत. काळ्या माणसाने मागे बसायचे, गोरा उभा राहिला की उठायचे, असा त्या बसचा कायदा होता. हा अपमान रोज पाहताना त्यांनी मनाशी एक निश्चय केला. वकील व्हायचे, परत याच गावी यायचे आणि भेदाचा जो जो कायदा दिसेल तो मोडून काढायचा. ही प्रतिज्ञा त्यांनी त्या वेळी कोणाला सांगितली नाही. सांगितली असती तर सनदच मिळाली नसती.

अलाबामाच्या विद्यापीठात काळ्या विद्यार्थ्याला कायद्याचा वर्ग बंद होता. राज्याने त्यावर युक्ती काढली होती. काळ्या मुलाला बाहेरच्या राज्यात शिकायला पैसे द्यायचे, पण आपल्या वर्गात घ्यायचे नाही! ग्रे यांनी ते पैसे घेतले आणि ओहायो राज्यात क्लीव्हलँड येथे जाऊन कायद्याची पदवी मिळवली. सन १९५४ मध्ये ओहायो आणि अलाबामा या दोन्ही राज्यांच्या वकिलीच्या परीक्षा ते पास झाले. ओहायोत राहिले असते तर सुखाने पोट भरले असते. पण ते परत आले. वाचकहो, शिकून सुखाच्या गावी निघून जाणे सोपे असते. शिकून आपल्या वस्तीत परत येणारे थोडे असतात.

पहिली परीक्षा: बस

मार्च १९५५ मध्ये पंधरा वर्षांची क्लॉडेट कोल्विन ही शाळकरी मुलगी बसमधील जागेवरून उठली नाही म्हणून पोलिसांनी तिला पकडले. तिचे वकीलपत्र ग्रे यांनी घेतले. त्याच वर्षी १ डिसेंबरला रोझा पार्क्स यांना अटक झाली. त्यांचेही वकील ग्रे. तेव्हा त्यांचे वय पंचवीससुद्धा पूर्ण नव्हते. त्यानंतर माँटगोमेरीच्या काळ्या जनतेने वर्षाहून अधिक काळ बसमध्ये पाऊल ठेवले नाही. लोक मैलोगणती पायी चालले.

चालणारे चालत होते तेव्हा ग्रे कागद तयार करीत होते. फेब्रुवारी १९५६ मध्ये त्यांनी फेडरल कोर्टात दावा लावला. रस्त्यावरच्या चळवळीला कोर्टातला पाय मिळाला. नोव्हेंबर १९५६ मध्ये सुप्रीम कोर्टाने बसमधील भेदभाव घटनाबाह्य ठरवणारा निकाल कायम केला आणि डिसेंबरात लोक बसमध्ये हवे तिथे बसले.

याची किंमत ग्रे यांना लगेच मोजावी लागली. दाव्यातील एका बाईंनी दडपणाखाली माघार घेतली. लगेच, संमतीशिवाय वकीलपत्र घेतले म्हणून ग्रे यांच्यावरच खटला भरण्यात आला. तो टिकला नाही. धर्मोपदेशक म्हणून त्यांना सक्तीच्या लष्करभरतीतून सूट होती, ती काढून घेण्याचा प्रयत्न झाला. गोऱ्या अधिकाऱ्यांनी हिशेब साधा केला होता. वकील हटवला की दावा आपोआप पडतो. पण हा वकील हटला नाही.

टस्कीगी: गावातूनच हद्दपार

आता ग्रे यांच्या ज्या दाव्यासाठी हा लेख लिहावासा वाटला, त्याकडे वळू.

अलाबामातील मेकन जिल्ह्यात टस्कीगी नावाचे छोटे शहर आहे. तेथे १८८१ साली बुकर टी. वॉशिंग्टन यांनी काळ्या मुलांसाठी सुरू केलेली प्रसिद्ध शिक्षणसंस्था आहे. काळ्या माजी सैनिकांसाठीचे मोठे सरकारी इस्पितळही तेथेच होते. म्हणजे गावात प्राध्यापक होते, डॉक्टर होते, नर्सेस होत्या, शिकलेल्या माणसांची वाण नव्हती. शहराची वस्ती साडेसहा हजारांच्या पुढे. त्यात सुमारे ५,४०० काळे आणि सुमारे १,३०० गोरे.

तरीही राज्य गोऱ्यांचे. कसे? पुन्हा कागदाने. मतदार म्हणून नोंद करायची तर अर्ज भरायचा, परीक्षा द्यायची, वर एका नोंदलेल्या मतदाराला सोबत आणून त्याची साक्ष द्यायची. नोंदलेले मतदार बहुतेक गोरे. ते कशाला साक्षीला येतात? पीएच.डी. झालेले प्राध्यापकसुद्धा या परीक्षेत 'नापास' होत. शिवाय मताचा कर होता, वर्षाला दीड डॉलर. नोंदणी मंडळाचे सभासद ठरल्या दिवशी येत नसत. कधी ते राजीनामे देत आणि महिनोन्महिने मंडळच अस्तित्वात नसे. 'साहेब आज नाहीत, पुढच्या आठवड्यात या' हे वाक्य आपल्याच कचेऱ्यांत बोलले जाते असे नाही.

तरी लोकांनी चिकाटी सोडली नाही. टस्कीगीच्या शिक्षणसंस्थेत समाजशास्त्र शिकवणारे चार्ल्स गोमिलियन हे त्यांचे पुढारी. टस्कीगी सिव्हिक असोसिएशन ही त्यांची संघटना. वर्षामागून वर्षे एकेक अर्ज भरत, नापास होत, पुन्हा अर्ज भरत शहरातील सुमारे ४०० काळे मतदार यादीत आले. गोरे मतदार सहाशेच्या आसपास होते. आणखी थोडी वर्षे गेली असती तर पारडे फिरले असते.

हे दिसताच राज्याच्या विधिमंडळाने १९५७ साली एक कायदा केला. सॅम एंगेलहार्ट नावाच्या सभासदाने तो आणला होता. कायद्यात काळा, गोरा असा एकही शब्द नव्हता. फक्त शहराची हद्द बदलली होती. पूर्वी हद्द चौकोनी होती. आता ती अशी वेडीवाकडी काढली की तिला अठ्ठावीस बाजू झाल्या. रेघ एका घराला वळसा घालून जाई, दुसऱ्याला आत घेई, तिसऱ्याला बाहेर टाकी. परिणाम काय झाला? चारशे काळ्या मतदारांपैकी चार-पाच तेवढे शहरात उरले, बाकी सगळे हद्दीबाहेर. गोरा मतदार मात्र एकही बाहेर गेला नाही! ती मोठी शिक्षणसंस्थासुद्धा गावाबाहेर पडली.

विचार करा. कोणाला मारले नाही, घर जाळले नाही, यादीवरून नाव खोडले नाही. माणूस आपल्याच घरात, आपल्याच खाटेवर झोपलेला, आणि सकाळी त्याचे गाव त्याचे राहिलेले नाही.

दुकान आणि कोर्ट

लोकांनी दोन आघाड्या उघडल्या. पहिली आघाडी बाजारात. जून १९५७ मध्ये प्रचंड सभा झाली आणि लोकांनी ठरवले की जे आपल्याला माणूस मानतात त्यांच्याकडेच खरेदी करायची. मताची किंमत नसली तरी आपल्या पैशाची किंमत आहे हे त्यांनी दाखवून दिले. गोऱ्यांची दुकाने ओस पडली, काही बंद झाली. राज्याच्या अॅटर्नी जनरलने संघटनेच्या कचेरीवर छापे घातले, बहिष्काराविरुद्ध कोर्टात धाव घेतली. तेथेही बचावाला ग्रे होते. कोणाकडून सामान घ्यावे हा गिऱ्हाइकाचा हक्क आहे, असे शेवटी कोर्टाला म्हणावे लागले.

दुसरी आघाडी कोर्टात. १९५८ साली ग्रे यांनी फेडरल कोर्टात दावा दाखल केला. गोमिलियन हे वादी आणि महापौर लाइटफूट हे प्रतिवादी. म्हणून हा दावा 'गोमिलियन विरुद्ध लाइटफूट' या नावाने कायद्याच्या पुस्तकांत गेला. जिल्हा न्यायाधीश फ्रँक जॉन्सन यांनी दावा काढून टाकला. शहराची हद्द ठरवणे हा राज्याचा अधिकार आहे, त्यात कोर्टाने पडू नये, असे त्या काळचे कायद्याचे मत होते. अपिलातही हार झाली, मात्र तीनपैकी एका न्यायाधीशाने विरुद्ध मत नोंदवले. तेवढ्या एका मताचा धागा धरून प्रकरण वॉशिंग्टनला सुप्रीम कोर्टात गेले.

तेथेही वाट सोपी नव्हती. न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांनी १९४६ सालच्या एका प्रकरणात स्पष्ट लिहिले होते की मतदारसंघांच्या राजकीय जंगलात न्यायालयांनी शिरू नये. त्यांचे मन वळवल्याशिवाय दावा जिंकणे कठीण होते. ग्रे यांनी जाडजूड युक्तिवादाच्या आधी एक साधी गोष्ट केली. एक मोठा नकाशा तयार केला. त्यावर जुनी चौकोनी हद्द आणि तिच्या पोटात नवी अठ्ठावीस कोनांची आकृती. ऑक्टोबर १९६० मध्ये सुनावणीच्या वेळी तो नकाशा न्यायमूर्तींच्या नजरेसमोर उभा केला. ग्रे तेव्हा तिशीचेही नव्हते. सोबत रॉबर्ट कार्टर हे नामांकित काळे वकील होते.

ग्रे यांनी आपल्या आठवणींत सांगितले आहे की फ्रँकफर्टर यांनी नकाशाकडे पाहून विचारले, यात टस्कीगीची शिक्षणसंस्था कुठे आहे? ग्रे यांनी सांगितले की ती आता शहराच्या हद्दीत नाही. ज्या संस्थेमुळे गावाचे नाव जगाला माहीत, तीच गावाबाहेर! आपण दावा जिंकणार असे ग्रे यांना त्या क्षणी वाटले.

१४ नोव्हेंबर १९६० रोजी निकाल लागला. नऊही न्यायमूर्ती एकमताचे होते, आणि निकालपत्र लिहिले होते खुद्द फ्रँकफर्टर यांनी. हद्द आखण्याचा राज्याचा अधिकार मोठा आहे, पण वंशावरून मत हिरावण्यासाठी तो वापरता येणार नाही. अमेरिकेच्या घटनेतील १८७० सालची पंधरावी दुरुस्ती त्याच्या आड येते, असा त्याचा आशय. १९६१ साली जॉन्सन यांच्याच कोर्टाने तो कायदा रद्द ठरवला आणि जुनी हद्द परत आली.

पुढचा हिशेब पाहा. १९६४ साली टस्कीगीच्या नगरमंडळात काळे सभासद निवडून आले. १९६६ साली मेकन जिल्ह्याने ल्युशियस अॅमर्सन या काळ्या माणसाला शेरीफ म्हणून निवडले. १९७२ साली शहराचा महापौर काळा झाला. आणि १९७० साली अलाबामाच्या विधिमंडळात जवळजवळ शंभर वर्षांनी दोन काळे सभासद गेले. त्यांतील एक होते फ्रेड ग्रे. ज्या विधिमंडळाने त्यांच्या अशिलांना गावाबाहेर काढले होते, त्याच विधिमंडळात ते लोकांच्या मतांनी जाऊन बसले.

सेल्माचा मोर्चा आणि एक अर्ज

सेल्मा हे माँटगोमेरीपासून सुमारे पन्नास मैलांवरचे गाव. तेथील नोंदणी कचेरी महिन्यातून दोनच दिवस उघडे. जिल्ह्यात निम्म्याहून अधिक लोक काळे, पण त्यांच्यापैकी शंभरात दोघा-तिघांचे नाव यादीत. ७ मार्च १९६५ रोजी मतासाठी निघालेल्या मोर्चावर पोलिसांनी पुलावर लाठ्या चालवल्या, अश्रुधूर सोडला. ती चित्रे सगळ्या देशाने पाहिली.

दुसऱ्याच दिवशी ग्रे आणि त्यांचे सहकारी कोर्टात उभे होते. न्यायाधीश पुन्हा तेच फ्रँक जॉन्सन. कोर्टापुढे मोर्चाची पूर्ण योजना ठेवण्यात आली. कोणत्या रस्त्याने जाणार, मुक्काम कुठे, जेवण कसे, संडासाची सोय काय, कचरा कोण उचलणार, रुग्णवाहिका किती. १७ मार्चला जॉन्सन यांनी परवानगी दिली आणि मोर्चाला संरक्षण देण्याचा हुकूम केला. २१ मार्चला लोक निघाले आणि २५ मार्चला राजधानीत पोचले तेव्हा जवळपास पंचवीस हजारांचा समुदाय झाला होता. ६ ऑगस्ट १९६५ रोजी मतदानाच्या हक्काचा कायदा झाला. ज्या भागांची वागणूक वाईट होती तेथील परीक्षा बंद झाल्या. निवडणुकीच्या नियमांत किंवा हद्दीत बदल करायचा तर तेथे आधी केंद्राची मंजुरी घेणे भाग पडले. नकाशाची लबाडी दारातच अडवणारी ही तरतूद होती.

मोर्चे काढणाऱ्या आमच्या तरुण मित्रांनी हे नीट ध्यानात घ्यावे. घोषणा हवीच. पण घोषणेच्या मागे संडास आणि कचऱ्यापर्यंतचा विचार केलेला एक अर्जही हवा.

ग्रे यांचे बाकीचे काम थोडक्यात सांगतो. टस्कीगीत १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे सरकारी आरोग्य खात्याने सुमारे सहाशे काळ्या पुरुषांवर गुप्तरोगाचा अभ्यास चालवला. त्यांतील ३९९ जणांना रोग होता. त्यांना तो सांगितला नाही आणि औषध सापडल्यावरही दिले नाही. त्यांची बाजू ग्रे यांनी घेतली, आणि १९७४ साली एक कोटी डॉलरची तडजोड झाली. १९८० साली त्यांचे नाव फेडरल न्यायाधीशपदासाठी सुचवले गेले, पण विरोध झाला आणि त्यांनी माघार घेतली. ती जागा मायरन थॉम्सन या दुसऱ्या काळ्या वकिलाला मिळाली. पुढे २००२ साली ग्रे अलाबामाच्या वकील संघटनेचे पहिले काळे अध्यक्ष झाले. २०२१ साली माँटगोमेरीतील एका रस्त्याचे नाव बदलून त्यांचे देण्यात आले. त्या रस्त्याला आधी गुलामी टिकवण्यासाठी लढलेल्या पक्षाचे अध्यक्ष जेफरसन डेव्हिस यांचे नाव होते. २०२२ साली राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते त्यांना देशाचा सर्वोच्च नागरी सन्मान मिळाला.

आपले नाते

हे सगळे दूरच्या देशाचे, आपला काय संबंध, असे कोणी म्हणेल. संबंध आहे. १९४६ साली बाबासाहेबांनी काळ्या जनतेचे विद्वान नेते ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, निग्रोंनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या होत्या. त्यांचा अर्ज आपल्याही उपयोगी पडेल हे बाबासाहेबांनी ओळखले होते.

दुसरा धागा आमच्या पिढीच्या जिव्हाळ्याचा. माँटगोमेरी आणि सेल्मा यांच्या मध्ये लाऊन्ड्स नावाचा जिल्हा आहे. १९६५ च्या आरंभी तेथे शंभरात ऐंशी लोक काळे आणि यादीत काळा मतदार एकही नाही. तेथील लोकांनी आपला पक्ष काढला. मतपत्रिकेवर चिन्ह हवे, म्हणून त्यांनी काळा पँथर निवडला. त्याच चिन्हावरून पुढे १९६६ साली कॅलिफोर्नियात ब्लॅक पँथर संघटना निघाली, आणि तिच्यावरून १९७२ साली मुंबईत दलित पँथर. ज्या नावाने आमच्या तरुणपणी वस्त्या हलल्या, ते नाव मुळात मतदारांचे निवडणूक चिन्ह होते!

अमेरिकेत जे मत एकेका जिल्ह्यात खटले लढून मिळवावे लागले, ते आपल्याला घटनेच्या ३२६ व्या कलमाने एकदम मिळाले. ते फुकट मिळालेले नाही. त्यासाठी बाबासाहेबांनी १९१९ साली साउथबरो समितीपुढे आणि १९२८ साली सायमन कमिशनपुढे मांडणी केली होती. ना मालमत्तेची अट, ना शिक्षणाची, ना कराची. आपल्या आजीचे अंगठ्याचे मत आणि कारखानदाराचे मत एकाच मोलाचे.

पण मिळालेला हक्क आपोआप टिकत नाही, हेही अमेरिकेनेच दाखवले. २०१३ साली तेथील सुप्रीम कोर्टाने अलाबामातीलच शेल्बी जिल्ह्याच्या दाव्यात पाच विरुद्ध चार मतांनी १९६५ च्या कायद्यातील आधी मंजुरी घेण्याची व्यवस्था निकामी केली. २०२३ साली अलाबामाच्याच नकाशावरून पुन्हा दावा सुप्रीम कोर्टात आला आणि पाच विरुद्ध चार मतांनी काळ्या मतदारांची बाजू उचलून धरण्यात आली. म्हणजे ग्रे यांनी नकाशा उभा केल्यानंतर साठ वर्षांनीही नकाशाचेच भांडण!

म्हणून वाचकहो, आमचे सांगणे साधे आहे. चाळ पाडली, भाड्याची खोली बदलली, मुलगी लग्न होऊन सासरी गेली, की नाव यादीतून गळण्याचा धोका असतो. यादी प्रसिद्ध होते तेव्हा घरातील एकाने बसून सर्वांची नावे वाचावीत. नवीन नावासाठी सहा नंबरचा फॉर्म, पत्ता बदलला किंवा चूक दुरुस्त करायची तर आठ नंबरचा. पोच घ्यावी आणि ती जपून ठेवावी. प्रभागाची रचना जाहीर होऊन हरकती मागवल्या जातात, तेव्हा नकाशा पाहायला विहारातील चार मंडळींनी जावे. आपली गल्ली कुठे टाकली आहे ते बोटाने शोधावे. हरकत असेल तर मुदतीत, लेखी आणि पुराव्यासह द्यावी. मुदत टळल्यावर केलेला आरडाओरडा कोणी ऐकत नाही, हे आम्ही टेबलाच्या अलीकडून पाहिले आहे.

आणि ज्यांची मुले-मुली बी.कॉम., बी.ए. होऊन पुढे काय म्हणून बसली आहेत, त्यांनी त्यांना कायदा शिकवण्याचा विचार करावा. वस्तीला सभेत बोलणारे पुष्कळ आहेत. तारखेला हजर राहणारे, कागद वाचणारे आणि नकाशा उलगडून दाखवणारे हवे आहेत. घरकाम करणाऱ्या आईचा पोरगा हे करू शकला. आपल्याही आयांनी तसेच कष्ट केले आहेत.

जयभीम!